मातापित्यांचा रकाना

कोपरी, ठाणे
१८ मे १९५४

हरिहर,

आधी हिशेब सांगतो, बातमी मागून. उलटं केलं तर तू हिशेब वाचणारच नाहीस.

तीन रोपं. कुंड्या तीन, पाच आण्यांनी पंधरा आणे. खत घरच्या गोठ्यातलं. वाळू फुकट. पाणी आमच्याच विहिरीचं, पण ते अडीच वर्षं रंगूआत्याने ओढलं आणि त्यात तिचा डावा खांदा कामातून गेला. आता वेणी घालायला सुनेला हाक मारावी लागते, आणि दर हाकेला माझा उद्धार होतो. शिवाय पेरूचं एक कलम मेलं, कारण त्याची जागा या तिघांना दिली. एकूण पंधरा आणे, एक खांदा आणि एक पेरू.

आता बातमी. तिघांतल्या शेवटच्या रोपाला आज फूल आलं. डे-लिली. होय, माझ्याकडे. कोलशेतच्या कारखान्याचा साहेब सत्तेचाळीस साली विलायतेला परत गेला, तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या पाच जातींच्या लिली आपण दोघांनी वाटून घेतलेल्या. माझ्या वाट्याच्या पहिल्याच उधाणाला खारं पाणी शिरून गेल्या, तुझ्या डोंबिवलीत फोफावल्या. सात वर्षं तुझा हेवा करत होतो. आजपासून बंद.

पहिल्या दोन फुलांचं मुद्दाम कळवलं नव्हतं. म्हटलं, तिसरं बघू, मग तोंड उघडू. पहिलं पिवळं, पण लिंबाचं पिवळं नव्हे, लोणी कढवताना तुपाला जो रंग चढतो तो. दुसरं विटकरी, पण पाकळीच्या कडेला झालर, जशी काही शिंप्याने घालून दिली आहे. आणि आजचं तिसरं. हरिहर, पिकल्या पपईचा गर, मधोमध डाळिंबी डोळा, आणि फूल माझ्या पंजाएवढं. सहाला बघितलं आणि साडेसातपर्यंत तिथेच बसून राहिलेलो. चहा दोनदा गार झाला. गिऱ्हाईक येऊन फाटकातून परत गेलं, ते मला आत्याने मागाहून सांगितलं.

आली कुठून म्हणशील. एक्कावन्नच्या दिवाळीच्या सुमाराला क्रोटनच्या कलमांच्या वाफ्यात गवतासारखी चौदा पाती उगवली. मी उपटायला हात घातलेला. आत्या म्हणाली, थांब, गवत असं पंख्यासारखं उघडत नाही. नऊ जगली, तीन कामाची निघाली. एकेकीचे तीन-चार ठोंब झालेत, सगळे मिळून अकरा. मी पेरली नाहीत, आपसूक आली.

वीस वर्षं मी दुसऱ्यांनी काढलेली झाडं विकली. मिठागरावर टोपल्या उचलणारा पोरगा नर्सरीवाला झाला, इथवर ठीक. पण ज्याला माझं म्हणता येईल असं एक झाड बाजारात नाही. गणपतीच्या आधी माझी पहिली छापील यादी निघते आहे आणि ती तू लिहून देणार हे ठरलेलंच आहे. तिच्या पहिल्या पानावर ही तीन जायला हवीत. नावंही काढली आहेत: कोपरी, कोलशेत आणि खोपट. पपईवाली ती कोपरी.

रविवारी ये. आजचं फूल थांबणार नाही, त्याचं आयुष्य एका दिवसाचं, पण दांड्यावर अजून नऊ कळ्या आहेत.

तुझा,
गोपीनाथ

---

डोंबिवली
२१ मे १९५४

प्रिय गोपीनाथ,

पत्र पोचले. सरोजला वाचून दाखवले. पंजाएवढ्या फुलावर विश्वास ठेवायला ती तयार आहे. मी नाही, कारण तुझा पंजा मी चौथीपासून पाहतो आहे. मास्तरांची छडी त्यात दिसेनाशी होत असे.

यादी मी लिहीन, शब्द दिला आहे. पण त्या तीन रोपांना तीत जागा देण्यापूर्वी थोडा विचार कर. यादीचे पाच रकाने आपण दोघांनीच आखले: नाव, रंग, उंची, बहराचा काळ, मातापिता. पाचवा रकाना कशाने भरणार? नारळाचे रोप घेणारा अडाणी माणूससुद्धा विचारतो, कुठल्या झाडाचा नारळ. तू काय लिहिणार, आपसूक? आपसूक तर तणही येते. ज्या झाडाचे आईबाप ठाऊक नाहीत ते पुढल्या वर्षी काय रंग दाखवील, रोगाला किती टिकेल, याचा भरवसा कोणी द्यायचा? यादीवर तुझे नाव असणार आहे. पहिल्याच यादीत पहिल्याच पानावर रिकामा रकाना ठेवलास, तर लोक बाकीच्या चारांवरही विश्वास ठेवणार नाहीत.

हे मी उगीच अडवणूक म्हणून लिहीत नाही. अठ्ठेचाळीसपासून मी संकर करतो आहे ते तुला माहीत आहे. विम्याच्या ऑफिसला निघण्यापूर्वी, सहाच्या सुमारास, एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर लावायचा आणि लगेच त्या दांड्याला दोरा बांधायचा. लाल दोरा म्हणजे पिवळी आई आणि जांभळट बाप, निळा म्हणजे नारिंगी आई आणि फिकट बाप, असे पाच रंगांचे पाच संकर. बोंड पिकले की दोरा पाहायचा आणि वहीत नोंद करायची. सहा वर्षांत एका दोऱ्याची चूक नाही. मनाजोगते फूल अजून आलेले नाही, बहुतेक विटकरीच येतात, हे मान्य करतो. पण त्यातले कुठले कोणाचे, हे मला झोपेतून उठवून विचार.

आता एक साधा प्रश्न. तुझ्याकडे लिलीचे एकही झाड उरले नव्हते, तर बी आले कोठून?

रविवारी येतो. खोपट हे नाव फुलाला देऊ नकोस. लोक एस.टी.ची वेळ विचारतील.

तुझा,
हरिहर

---

कोपरी
२६ मे १९५४

हरिहर,

रविवारी आलास, कोपरीसमोर उभा राहिलास. मी फुलाकडे बघत नव्हतो, ते मी आधी बघितलेलं. मी तुझ्याकडे बघत होतो. चष्मा तीनदा पुसलास. तिसऱ्यांदा पुसलास तेव्हा काच आधीच स्वच्छ होती.

बी पक्ष्याने आणलं असेल. नाहीतर वाऱ्याने. नर्सरीत काय काय येऊन पडतं त्याची मी कुठे चौकशी करत बसू.

आता ऐक, इकडे गंमत झाली आहे. सोमवारी मुंबईहून एक बी-बियाणेवाले शेठ आले, बरोबर मुनीम. क्रोटन बघायला आलेले. कोपरीला त्या दिवशी एकदम दोन फुलं. शेठ बोलता बोलता थांबले, मुनिमाच्या पाठीला चिमटा काढला. मी तिकडे पाठ करून पाणी घालत होतो, पण डबक्यात सगळं दिसतं. अकराच्या अकरा ठोंब एकगठ्ठा मागतात, आणि जो भाव बोलले तो मी तुला पत्रात लिहीत नाही, पोस्टमन वाचेल. अट एकच. आईबापांचा कागद पाहिजे, जाणकाराच्या सहीचा. त्याशिवाय त्यांची बडी गिऱ्हाइकं हात लावत नाहीत म्हणे.

जाणकार म्हणजे तू. ठाण्यापासून कल्याणपर्यंत लिलीची वही ठेवणारा दुसरा माणूस मला ठाऊक नाही. साहेबाच्या त्या पाचांमधली कुठलीही दोन नावं लिही आणि खाली सही ठोक. फूल तर तू डोळ्यांनी बघितलंस. ते काही तक्रार करायला येणार नाही.

शेठ नको असतील तरी चालेल, मला तर ती यादीतच हवी आहेत. पण दोन्हीकडे अडतंय ते तुझ्या पाचव्या रकान्यात. लवकर कळव, छापखानेवाला कागद घेऊन बसला आहे.

गोपीनाथ

---

डोंबिवली
३० मे १९५४

गोपीनाथ,

चष्मा पुसला हे खरे आहे. असे फूल मी पाहिले नव्हते. सहा वर्षे रोज सकाळी ज्याची वाट पाहिली ते तुझ्या क्रोटनच्या वाफ्यात उभे होते, आणि त्याला पाणी घालणाऱ्या रंगूआत्या मला म्हणाल्या, "भावा, बस ना, फूल काय पलतंय व्हय." घरी आल्यावर जेवण गेले नाही. हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही.

आणि म्हणूनच त्याच्याखाली मी खोटी सही करणार नाही. वाईट फुलाला खोटे आईबाप दिले तर ते दोन वर्षांत लोक विसरतात. या फुलाचा उद्या कोणी पुढे संकर करील, त्यावर आणखी कोणी, आणि सगळ्यांच्या वह्यांच्या तळाशी माझे खोटे बसलेले असेल.

दुसरे लिहू की नको असे दोन दिवस चालले होते. लिहितो. एक्कावन्न सालच्या भाद्रपदात माझ्या अंगणातली सतरा बोंडे, दोऱ्यांसकट, दांड्यांसकट, एका दिवसात नाहीशी झाली. पिकायला आठवडाही उरला नव्हता. मी खारींना दोष दिला आणि कुंपणाला जाळी मारून घेतली. तुझी रोपे त्याच दिवाळीत उगवली, हे तुझ्याच पत्रात आहे. वारा इतक्या लांब बी नेत नाही आणि लिलीचे बी कोणी पक्षी खात असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मी काही विचारत नाही. तुला सांगावेसे वाटेल तेव्हा सांग. तोपर्यंत यादीला हात लावणार नाही.

हरिहर

---

कोपरी
१९ जून १९५४

हरिहर,

वीस दिवस लिहिलं नाही. शाई होती, कागद होता, पोस्ट चालू होतं. मीच नव्हतो. तू मला चोर समजून बसला असशील, आणि खरं सांगू, मी जे केलं ते चोरीहून सांगायला अवघड आहे.

एक्कावन्नच्या गणेशचतुर्थीला सकाळी मी तुझ्याकडे दूर्वा आणि जास्वंदीची टोपली घेऊन आलेलो. तू मखरात डोकं घालून खिळे ठोकत होतास, मला नीट बघितलंही नाहीस. आदल्या दिवशी हरतालिका. तुमच्या आळीतल्या सात जणी सरोजवहिनींकडे पूजेला जमलेल्या. वाळूच्या पिंडी, आणि पत्री सोळा प्रकारची पाहिजे. डोंबिवलीत सोळा आणणार कुठून? आघाडा, बेल, तुळस, डाळिंब करता करता दहा-बारा झाली, पुढे सरेना, हे वहिनीच मला त्या सकाळी म्हणाल्या. मग जिला जे हिरवं दिसलं ते तिने तुझ्या अंगणातून खुडलं. तुझ्या लिलीचे दांडे, हिरव्यागार बोंडांसकट, त्यातच गेले. तू ऑफिसात होतास. त्या बायकांना बोंड काय आणि पान काय.

दुसऱ्या दिवशी ते सगळं पाण्यात सोडायचं. वहिनींनी माझी रिकामी टोपली घेतली, वाळू आणि पत्री तिच्यात भरली, वर फडकं टाकलं आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही खाडीजवळच जाणार ना, एवढं विसर्जन करा."

पत्री मी भरतीला सोडली, हात जोडून सोडली. वाळू सोडली नाही. हरिहर, ती नदीची वाळू होती, चाळलेली, सात घरांतून निवडून आणलेली, खडा नाही की कचरा नाही. माझ्याकडे कलमांच्या वाफ्याला वाळू कमी पडत होती आणि खाडीच्या वाळूत मीठ असतं. म्हटलं, उत्तरपूजा झाली, म्हणजे देव मोकळा आणि वाळूही मोकळी. टोपली तशीच आणली आणि वाफ्यात पालथी केली. आत्याने बघितलं. ती एवढंच म्हणाली, "देवाची वालू हाय ती. आता तिच्यान जा काय उगवंल त्याला तू जबाबदार."

दोन महिन्यांनी उगवलं. बोंडं टोपलीतच तडकलेली असणार. वाळूत दोन लाल दोरे सापडले आणि निळ्याचा एक तुकडा. तेव्हाच कळलं कुणाचं बी ते. दोरे खिशात घातले आणि गप्प बसलो. तुझी बोंडं गेल्याचं तू तोवर दहादा बोलून झालेलास, खारींना शिव्या देऊन झालेल्या. तेव्हा सांगायचं म्हणजे वहिनींना सांगायचं, की तुम्ही विश्वासाने दिलेलं देवाचं काम मी वाफ्यात ओतलं. आळीतल्या सात जणींना सांगायचं. सांगणं आज राहिलं, उद्या राहिलं, असं अडीच वर्षं राहिलं.

आता तुझ्या हातात आहे. यादीत घालू नको म्हणालास तर घालणार नाही. शेठना थांबवून ठेवलं आहे. सगळी नऊ रोपं उचलून तुझ्याकडे आणून टाक म्हणालास तर हातगाडी करतो. एवढंच, वहिनींना काही बोलू नकोस. त्यांनी काही केलेलं नाही.

गोपीनाथ

---

डोंबिवली
२१ जून १९५४

प्रिय, अत्यंत प्रिय गोपीनाथ,

ऑफिसला रजा टाकली आहे. सहा वर्षांतली पहिली. साहेबाने कारण विचारले, मी घरात जन्म झाला असे कळवले आहे.

वाळूचे सोडून दे. वाळूचा मला इतका आनंद झाला आहे की सरोजपासून तो लपवताना तोंडाला रुमाल लावून बसावे लागते. दोन लाल दोरे, गोपीनाथ. दोन लाल, निळ्याचा केवळ तुकडा. वही काढली, पान एकतीस, जून १९५१, लाल दोरा: पिवळी आई, जांभळट बाप. आता डोळे मिटून तुझी कोपरी पाहा. पिवळ्यात जांभळट किंचित उतरला की पपईचा गर होतो, आणि डाळिंबी डोळा आला तो सरळ बापाकडून. तुझी तुपाच्या रंगाची ती आईवर गेली आहे. झालरवालीचे मला नीट उलगडत नाही, पण आजीकडून काही आले असेल.

ही रोपे आपसूक आलेली नाहीत. हा माझा चौथा संकर आहे. मी सहा वर्षे जे शोधत होतो ते मी चौथ्याच वर्षी केलेले होते आणि मला माहीत नव्हते. आता पाचवा रकाना बिनधास्त भर. असे छाप: "पिवळी × जांभळट, संकर चौथा, ह. ग. ताम्हाणे, डोंबिवली." त्याप्रमाणे लिहून सही केलेला कागद सोबत जोडला आहे. शेठना द्यायचा तर दे. यादीचा मजकूरही पूर्ण करून पाठवतो आहे, पहिल्या पानाला चार ओळी जास्त लागतील, त्या कृपा करून कापू नकोस.

नावे तुझीच राहू देत. खोपटसुद्धा.

रविवारी जेवायला ये. सरोजला मी सांगितले आहे की गोपीनाथची बढती झाली. ती विचारते, कुठल्या ऑफिसात.

तुझाच,
हरिहर

---

कोपरी
२ जुलै १९५४

हरिहर,

पुरणपोळी अजून पोटात आहे म्हणून हे पत्र गोडीने लिहितोय असं समज.

पहिलं शेठचं. मंगळवारी परत आलेले. मी कागद खिशात ठेवून ऐकत होतो. जाताना फाटकापाशी मुनीम हळू आवाजात विचारत होता, पेटीवर नाव काय घालायचं. शेठ म्हणाले, अमेरिकेचं काहीतरी घाल, आईबापांचा कागद आहेच, लोकांना त्यातलं काय समजतं. त्यांना वाटलं माळ्याला गुजराती येत नाही. मिठागरावर माझा मुकादम गुजराती होता. कागद खिशातच राहिला आणि अकराही ठोंब इथेच आहेत.

दुसरं यादीचं. आज छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला दिले आणि पाचव्या रकान्यात मी छापायला सांगितलंय: ठाऊक नाहीत.

थांब, पत्र फाडू नकोस. महिन्यापूर्वी मीच तुला म्हणत होतो की कुठलीही दोन नावं लिही, हे मला आठवतंय. तेव्हा तू जे लिहिलंस ते मी आत्याला वाचून दाखवलं होतं, वहीच्या तळाशी खोटं बसलेलं असेल ते. ती म्हणाली, कारकून बराय. मग मला झोपताना, उठताना तेच.

बघ, टोपलीत सतरा बोंडं होती, पाच रंगांच्या दोऱ्यांची. दोरे दांड्यांना बांधलेले, बियांना नव्हे. दांडे खाडीत गेले. उरले दोन लाल आणि निळ्याचा तुकडा, बाकीचे पत्रीबरोबर वाहून गेले असतील. रोपं उगवली चौदा. त्यातलं कुठलं लालचं आणि कुठलं हिरव्याचं, हे तू कशावरून सांगतोस? रंगावरून. म्हणजे रंग बघून तू आईबाप काढलेस. मुलाचं नाक बघून गावात लोक बोलतात त्यातलंच ते. तू मला सहा वर्षं वही शिकवलीस आणि फूल मनासारखं निघाल्याबरोबर वही मिटलीस.

आणि एक सांगतो, राग मानू नकोस. रविवारी जेवताना तू म्हणालास, दोरा म्हणजे दोरा, त्यात चूक होत नाही. तेव्हा आत स्वयंपाकघरात पळी पडली. शेजारच्या मालनबाई वाटी न्यायला आलेल्या, त्या हळूच म्हणाल्या, हसू नका हो. माझे कान तुला माहीत आहेत. कशाला हसू आलं ते मी विचारलं नाही, तुझ्या घरात मी पाहुणा. पण छापखान्यात जाईपर्यंत ती पळी माझ्या कानात वाजत होती.

झाड तुझ्या अंगणातल्या बियांचं, हे मी छापतोय. तेवढं मला ठाऊक आहे. त्याच्यापुढचं नाही.

गोपीनाथ

---

डोंबिवली
४ जुलै १९५४

गोपीनाथ,

पत्र फाडले नाही. चारदा वाचले आणि चारही वेळा तितकाच राग आला.

मी तुझ्याकडे नियम घेऊन आलो तेव्हा तू मला फूल दाखवलेस. आता मी फूल घेऊन आलो तर तू मला नियम दाखवतोस. रंगावरून आईबाप काढले म्हणतोस. रंगावरून नव्हे, रंग आणि दोरे दोन्ही जुळले म्हणून काढले. दोन लाल दोरे तुझ्याच खिशात आहेत.

दोऱ्यांविषयी मी कोणाचे काही ऐकून घेणार नाही. अठ्ठेचाळीसपासून आजपर्यंत माझ्या अंगणातला एक दोरा जागचा हललेला नाही. पावसाळे गेले, वादळ आले, त्या साली तर शेजारचा शेवगा कुंपणावर पडला, पण सकाळी पाहावे तर प्रत्येक दोरा दांड्यावर. वहीच्या पहिल्या पानावर मी तसे लिहून ठेवले आहे. डोंबिवलीत इतकी काटेकोर नोंद दुसऱ्या कशाचीच नसेल, स्टेशनातल्या घड्याळाचीसुद्धा नाही. सरोजच्या हातून पळी नेहमीच पडते. तुला इतका संशय असेल तर तिलाच विचार. माझ्याआधी अंगणात तीच जाते, सडा-झाडलोट तीच करते. सहा वर्षांची ती साक्षीदार आहे.

तुला "ठाऊक नाहीत" छापायचे असेल तर खुशाल छाप. यादी लिहिणारा म्हणून माझे नाव मात्र खालून काढून टाक.

हरिहर

---

डोंबिवली
२९ जुलै १९५४

गोपीनाथभावजींना सरोजचा नमस्कार.

यादी शनिवारच्या टपालाने आली. यांनी पाकीट बघितलं आणि घड्याळाखाली ठेवून दिलं, उघडलं नाही. दुपारी मी पडले आहे असं समजून हळूच उठले आणि मागच्या अंगणात घेऊन गेले. मी खिडकीतून बघत होते. पहिलं पान वाचलं, मग परत वाचलं. "बी डोंबिवलीचे श्री. ह. ग. ताम्हाणे यांच्या अंगणातले. मातापिता: ठाऊक नाहीत." मग खाली बघितलं. यादी लिहिणारे म्हणून तुम्ही त्यांचं नाव काढलंच नाहीत. बराच वेळ तिथे बसले होते. आत येऊन मला म्हणाले, गोपीनाथला शुद्धलेखन येत नाही, पण यात चूक एकही नाही. यादी त्यांनीच लिहिलेली, हे विसरले.

सोमवारी सहा प्रती ऑफिसला घेऊन गेले. आळीत तर दोनदा वाचून झाली आहे, दर वेळी "अंगणातले" इथे थांबतात. तुम्हांला अजून पत्र लिहिणार नाहीत, चार-आठ दिवस जातील. तुम्ही रविवारी या, नेहमीसारखे, काही झालंच नाही असे. आमच्या आळीतून पाच ठोंबांची मागणी आहे. मालनला कोपरीच हवी, दुसरं काही चालणार नाही म्हणते. एक माझ्यासाठी ठेवा. झालरवाली, खोपट.

वाळूचं मला कळलं. यांना गुपित ठेवता येत नाही, रुमाल लावून बसले की समजावं. मी मनाला लावून घेतलं नाही. देवाची वाळू वाया गेली नाही, एवढंच. बाकीच्या जणींना मात्र सांगू नका, त्यातल्या दोघींचा स्वभाव तुम्हांला माहीत नाही.

आता जे लिहायचं म्हणून पत्र घेतलं ते. यांनी तुम्हांला लिहिलं, सरोजला विचार, ती साक्षीदार आहे. तुम्ही विचारलं नाहीत, महिना होत आला. विचारलं असतं तर कदाचित मी काही सांगितलं नसतं. विचारलं नाहीत म्हणून सांगते. हे पत्र वाचून चुलीत घाला. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर जे लिहिलं आहे ते तसंच राहू द्या.

सकाळी यांची गाडीची घाई असते, गाठ सैल बसते. सर येऊन गेली, नाहीतर बुलबुलांनी ओढले, की दोरे खाली पडतात. झाडताना मला रोज चार-पाच तरी सापडायचे. तसेच ठेवले असते तर ऑफिस सोडून दिवसभर शोधत बसले असते. म्हणून पहिल्या वर्षापासून मी ते उचलते, धुते आणि परत बांधते. कुठला कुठल्या दांड्याचा हे मला काय कळणार. मोकळा दांडा दिसला की त्याला. लाल तेवढे नेहमी फाटकाजवळच्यांना बांधत आले, तिथे ते रस्त्यावरून छान दिसतात.

सरोज